परतीचा पाइप

डिसेंबरात निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर आला
आणि त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीचं लाइट बिल
नोटीस बोर्डावर.
एकोणचाळीस हजार दोनशे दहा.
बोरस्ते सेक्रेटरींनी आकड्याखाली लाल रेघ मारली होती,
दोनदा.

मीटिंगमध्ये जो तो दुसऱ्याच्या बादल्या मोजत होता.
कुणी म्हणालं, मेंटेनन्स वाढवा.
कुणी म्हणालं, गच्चीवरची टाकीच बंद करा,
ज्याचा त्याचा गिझर, ज्याचा त्याचा धर्म.
मी सातपूरला एकतीस वर्षं थर्मामीटर तपासलेत,
खोटं बोलणारा काटा मला लांबून कळतो.
पण बोलले नाही काही.
चहा गार आहे, तेवढं मात्र सांगितलं.

पहाटे तीनला शाल गुंडाळून गच्चीवर गेले.
पंप चालू.
अख्खी इमारत घोरतेय आणि पंप चालू.
साठ अंशांचं पाणी सहा मजले उतरत होतं,
बंद नळांच्या दारावरून जात होतं,
कुणी ये म्हणत नव्हतं,
आणि निमूट पुन्हा वर येत होतं.
परतीच्या पाइपावर तळवा ठेवला.
गरम.
म्हणजे रात्रभर आम्ही भिंतींना न्हाऊ घालत होतो.
पाइपाच्या वळणावर, फाटलेल्या वेष्टणात
एक करडी मांजर पसरली होती.
एकोणचाळीस हजारांत
सुखी म्हणावं असं एवढंच कुणी सापडलं.

शोएबला बोलावलं. वडाळ्याचा. हात बारीक, बोलणं त्याहून.
शालिमारवरून टायमर आणला, सेन्सर आणला.
म्हटलं, टाकीला नको, इथे बांध, परतीच्या पाइपाला.
निघताना किती गरम होतं, ते सगळेच विचारतात.
येताना त्यात काय उरलंय, ते बघायचं.
चाळीसला पंप सुरू, पंचेचाळीसला बंद.
टाकी साठवरून पंचावन्नवर,
त्याच्या खाली नाही, कोमट पाण्यात रोग पोसले जातात.
पहाटे पाच ते नऊ. संध्याकाळी सात ते नऊ.
बाकी वेळ झोप.

मी खूश होते. तीन दिवस.

चौथ्या दिवशी जिन्यात गांगुर्डे भेटले,
पाचव्या मजल्यावरचे, अंबडला सेकंड शिफ्ट.
तक्रार नाही, नुसतं म्हणाले,
"ताई, रात्री दीडला पाणी लय वेळ गार येतंय हल्ली.
दोन बादल्या सोडल्या की मग येतं. चालतंय."

चालतंय.
इतका चुकलेला काटा एकतीस वर्षांत
माझ्या हातून पास झाला नव्हता.
तापमान मोजलं मी, वेळ मोजली,
घरी कोण कधी येतं ते मोजलंच नव्हतं.

मग प्रत्येक मजल्यावर एक बटण, बेलसारखं.
खाली शोएबने निळ्या पेनाने लिहिलं:
दाबा. दोन मिनट थांबा.
पहिल्या दिवशी पोरांनी ते तेहेतीस वेळा दाबलं.
दुसऱ्या दिवशी त्यांना कंटाळा आला.

जानेवारीचं बिल बावीस हजार आठशे.
बोरस्तेंनी रेघ मारली नाही,
मला बाजूला घेऊन विचारलं,
"मीटर बिघडला नाही ना?"

मांजर काही रात्री गार पाइपावर बसून माझी वाट बघायची.
तिला बटण दाबता येत नाही.
पोतं टाकलं, वर माझं जुनं मरून स्वेटर.
एक दिवस हुंगून सोडलं तिने,
दुसऱ्या दिवशी घेतलं.

आता रात्री दीडच्या सुमाराला
बाथरूममागच्या भिंतीत पाइप जागा होतो.
आधी एक टक्,
मग बारीक गुणगुण वर चढत जाते.
मी कूस बदलते.
आले गांगुर्डे.